खाडीच्या हिशोबाने सायकल: रेवदंडा ते रत्नागिरी

कोकण किनाऱ्याने लांब पल्ल्याची माउंटन बाईक रेस म्हणलं की घाटावरच्या मित्रमैत्रिणींना वाटतं सपाट रस्ता असणार, डावीकडे माड, उजवीकडे समुद्र, पाठीवर वारा आणि आपण निघालो. नकाशात दिसतंही तसंच. पण प्रत्यक्षात इथे गाव असतं समुद्राच्या पातळीला, गाव सुटलं की लगेच चढ, चढ संपला की वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, सडा संपला की थेट खाली पुढच्या खाडीत, आणि खाडी ओलांडली की परत पहिल्यापासून सगळं. एकही चढ सिंहगडासारखा लांब नाही, पण दिवसभरात असे इतके चढ येतात की संध्याकाळी बेरीज बघितली तर दोन हजार मीटर सहज झालेले असतात, आणि बरेचसे चढ छोट्यातल्या छोट्या गिअरला सुद्धा उभं राहून मारायचे.

रेस कुठली मोठी स्पॉन्सरवाली नव्हती, आमच्याच सायकलवाल्या ओळखीपाळखीतल्या लोकांनी भरवलेली. नियम सोपे पण कडक. रेवदंड्याहून निघायचं आणि रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीवर पोचायचं. मागे सपोर्ट गाडी नाही, घरच्यांनी मध्ये भेटून डबा द्यायचा नाही, एकमेकांना स्पेअर पार्ट द्यायचा नाही. दुकान, टपरी, खानावळ, होमस्टे जे सगळ्यांना खुलं आहे ते चालेल. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत चार हजार किलोमीटरच्या वर जी टूर डिव्हाईड होते तिचंच तत्त्व, फक्त आमचं अंतर तीनशे-सव्वातीनशे. जेट्ट्यांवर चेकपॉइंट, त्यांच्या मधला रस्ता ज्याने त्याने आपला ठरवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे घड्याळ कुठेच थांबत नाही. झोपलात तरी चालू, फेरीबोटीची वाट बघत बसलात तरी चालू.

या शेवटच्या नियमातच ही रेस आहे असं माझं ठाम मत आहे. रेवदंड्याची कुंडलिका पुलावरून जाते, पण नंतर राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, या चार ठिकाणी पूल नाही, जंगल जेट्टीच, म्हणजे माणसं आणि गाड्या नेणारी फेरीबोट. पाय कितीही चालू देत, बोट पलीकडे असेल तर तुम्ही अलीकडे. आणि रात्री बोट बंद. म्हणून तयारी करताना मी चढांपेक्षा जास्त वेळ बोटींच्या वेळा आणि भरती-ओहोटी यावर घालवला.

भरतीसाठी ॲप आहेतच पण आमच्याकडे किनाऱ्यावर जुना हिशोब आहे तो तोंडपाठ असलेला बरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. तिथून सव्वासहा तास मागेपुढे ओहोटी. हे मुंबई-रायगडकडे बरोबर बसतं, खाली रत्नागिरीकडे भरती जरा लवकर येते. आमची रेस अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत होती, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी चढेल तितकंच लांब उतरणार, आणि तिन्ही दिवस ओहोटी सकाळची. माझ्या कामाची गोष्ट हीच होती.

दिवस पहिला: रेवदंडा ते वेळास

सकाळी सात. थंडी म्हणावी इतकी नाही पण जमिनीवरून मतलई वारा सुटलेला, अंगावर शहारा आणणारा. पंचवीसेक जण. बायका आम्ही दोघीच. बऱ्याच जणांच्या सायकली फुल सस्पेन्शनच्या होत्या, माझी साधी हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, एकोणतीस इंची चाकं, सव्वादोन इंची ट्यूबलेस टायर, मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांची म्हणजे कॅसेटची सगळ्यात मोठी चकती एक्कावन दातांची. कोकणात मागचं सस्पेन्शन नसलं तरी चालतं पण तो एक्कावन दातांचा गिअर नसेल तर चालत चढावं लागतं, हे चिपळूणच्या आसपास रोज सायकल मारून मला माहीत आहे.

साळावचा पूल ओलांडला, कोर्लईचा किल्ला मागे पडला, काशीदपर्यंत सगळे तुटून पडल्यासारखे निघाले. मी माझ्या लयीत राहिले. मुरूड, मग आगरदांडा. जेट्टीवर पोचले तर पुढे पळालेले आठ-दहा जण तिथेच उभे, बोट दिघीला गेलेली! त्यांनी जीव तोडून कमावलेली पंधरा-वीस मिनिटं तिथे खाडीत विरघळून गेली आणि सगळे एकाच बोटीत चढलो. तिथेच पेणचे काका पहिल्यांदा नीट दिसले. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे, बोटीत चढल्या चढल्या चप्पल काढून पाय पसरून बसले, डबीतला खजूर काढला आणि डोळे मिटले. बाकी पोरं रेलिंगला टेकून फोटो काढत होती. मी काकांचं बघून खाली बसले. बोटीतली वीस मिनिटं ही विश्रांती आहे, ती घ्यायची, हे त्यांच्याकडून शिकले.

दिघीचा चढ जेट्टीपासूनच सुरू होतो, थंड झालेल्या पायांना नको होतो. वर आल्यावर दिवेआगर, आणि तिथून शेखाडी-कोंडविल-आरावी-श्रीवर्धन हा जो रस्ता आहे तो मला अख्ख्या किनाऱ्यावरचा सगळ्यात आवडता, रस्ता आणि समुद्र यांच्यात नुसती काळ्या दगडांची ओळ. दुपारचा एक वाजत आलेला, भरती पूर्ण, लाटा दगडांवर फुटून थेंब रस्त्यापर्यंत येत होते. रेस आहे हे माहीत असूनही मी तिथे हळू झाले. मुद्दाम. श्रीवर्धनला, म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या गावात, दोन ग्लास कोकम सरबत मीठ जास्त घालून प्यायले आणि एका बाटलीत भरून घेतलं. ओआरएसची पाकिटं बरोबर होती पण उन्हात तिसऱ्या बाटलीनंतर ती चव नको होते, कोकम मात्र दिवसभर जातं.

बागमांडल्याला साडेचार-पाच. इथे निर्णय होता. बरेच जण हरिहरेश्वरला थांबले, देवळाजवळ राहायची जेवायची चांगली सोय असते म्हणून. मी म्हणलं आजच सावित्री ओलांडायची, नाहीतर उद्या सकाळच्या पहिल्या बोटीवर माझा दिवस अवलंबून राहणार. वेश्वीला उतरून बाणकोटवरनं वेळासला अंधार पडता पडता पोचले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांनी इथलं कासवांचं काम सुरू केलं तेव्हापासून गावात घरगुती राहायची सोय झालीय, आणि आमच्या रेसच्या नियमातच होतं की वेळास आणि आंजर्ल्याच्या पुळणीवर सायकल घालायची नाही, ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात, वाळूखाली घरटी असतात. कुणी तो नियम मोडला असता तर मी स्वतः तक्रार केली असती.

रात्री तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर तूप. चेन पुसून, तेल घालून मग झोपले.

दिवस दुसरा: वेळास ते गुहागर

हा मुख्य दिवस. एकशेपंचवीसच्या आसपास किलोमीटर, आणि रात्री दाभोळची शेवटची फेरी गाठायचीच गाठायची. पहाटे पाचला निघाले तेव्हा होमस्टेच्या काकूंनी मऊभात, मेतकूट आणि लोणच्याचा खार दिला. सायकलवर जाण्याआधी याच्यापेक्षा चांगलं खाणं मला माहीत नाही, पोटात जड होत नाही आणि दोन तास पुरतं.

केळशी वेळासपासून सरळ रेषेत जवळ आहे पण मध्ये भारजा नदीची खाडी, त्यामुळे मांदिवलीच्या पुलापर्यंत आत जाऊन परत बाहेर यायचं. अंधारात चढ, हेडलाईटच्या उजेडात फक्त लाल माती आणि दोन्हीकडे गडगे. उजाडलं तेव्हा केळशीत होते. तिथून उटंबरचा डोंगर, आडे, पाडले, आंजर्ले. या पट्ट्यात रस्ता वर जातो आणि खाली येतो, बास, दुसरं काही वर्णन नाही. हर्णैला बंदराजवळ थांबून वडापाव आणि केळी. समोर सुवर्णदुर्ग. तिथल्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "कुठं चाललीस गो बाय येवढ्या उन्हात?" मी म्हणलं आजी, गुहागर. त्यांनी सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टोपलीतला एक पेरू हातात ठेवला. हा पेरू नियमात बसतो का हे मी नंतर आयोजकांना विचारलं, ते म्हणाले बसतो.

कर्दे, लाडघर, मग बुरोंडी आणि कोळथऱ्याकडचे चढ. दुपारी दोन ते चार हा वेळ इथे सगळ्यात वाईट. जानेवारी असला तरी सड्यावर सावली नसते, काळा दगड आणि जांभा दोन्ही तापलेले, हवेत दमटपणा, घाम वाळतच नाही. माझ्या पुढे कोल्हापूरचा एक पोरगा होता, चोवीस-पंचवीसचा, प्रचंड ताकदीचा, चढावर तो मला सहज सोडून जायचा आणि पुढच्या सावलीत बसलेला सापडायचा. तिसऱ्यांदा सापडला तेव्हा म्हणाला, ताई तुम्ही थांबत कशा नाही? मी म्हणलं अरे तू चढावर नाडी एकशेऐंशीला नेतोस म्हणून तुला थांबावं लागतं, एकशेपन्नासच्या आत ठेव, चढ तेवढाच राहतो. नंतर तो माझ्यामागे राहून चढ मारू लागला. सल्ला द्यायला नियमात बंदी नव्हती.

दाभोळच्या उतारावर आलो तेव्हा सूर्य बुडालेला. उतार वळणावळणाचा आणि खडीने भरलेला, हेडलाईट लावून ब्रेक तापवत खाली आलो तर बोट धक्क्याला लागलेली, रॅम्प अजून खाली. कोल्हापूरकर ओरडला, "ओ काका थांबा थांबा!" बोटीवरच्या माणसाने हात वर केला आणि आम्ही दोघं सायकलींसकट रॅम्पवरून आत. आत पेणचे काका आधीच पाय पसरून बसलेले. मला बघून फक्त म्हणाले, "आलात? छान."

वाशिष्ठी. माझ्या गावावरून येणारं पाणी इथे समुद्राला मिळतं. इंजिनाची धडधड पायाखालच्या पत्र्यातून पोटात जाणवत होती, डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास, पश्चिमेला बीजेची कोर एकदम बारीक आणि तीही बुडायला आलेली. त्या बोटीत आम्ही फक्त पाच सायकलवाले होतो. बाकी सगळे मागे, म्हणजे त्यांची रात्र दाभोळला किंवा दापोलीकडे कुठेतरी, आणि सकाळच्या पहिल्या बोटीशिवाय त्यांना पलीकडे येता येणार नाही. काहीजण आमच्यापेक्षा तासाभरानेच मागे होते, पण खाडीमुळे तो तास रात्रभराचा झाला. त्यातले दोघं माझ्यापेक्षा नक्की जास्त वेगवान होते.

धोपाव्याहून गुहागर वीसेक किलोमीटर, अंधारात, कुत्र्यांच्या साक्षीने. जेवून पडले.

दिवस तिसरा: गुहागर ते भाट्ये

तृतीया. हिशोबाने मुंबईत ओहोटी सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे गुहागरला पावणेआठ धरून चाललं. बाकीचे चौघं पहाटेच रस्त्याने असगोली-पालशेतकडे निघून गेले. मी मुद्दाम थांबले आणि पावणेसातला व्याडेश्वराच्या देवळाला नमस्कार करून पुळणीवर उतरले.

दोन्ही टायरची हवा बावीस पीएसआयवरून चौदावर आणली. गुहागरचा किनारा सहाएक किलोमीटर सलग आहे आणि उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं मागे गेलेलं असतं की ओल्या वाळूचा पट्टा अक्षरशः फरसबंद लागतो. पाण्याच्या अगदी कडेला जायचं नाही, तिथे वाळू पाण्याने भरलेली असते आणि पुढचं चाक रुततं. सुकलेल्या वाळूकडेही जायचं नाही. मधला, जिथे पाऊल टाकलं की पायाभोवती वाळू क्षणभर पांढुरकी होते, तो पट्टा धरायचा. मतलई वारा डावीकडून, माड अजून काळे दिसत होते, आणि मी सव्वीस-सत्तावीसच्या वेगाने असगोलीच्या बाजूला जाऊन पोचले. एकही चढ नाही, एकही गाडी नाही. वर रस्त्याला लागून एका घराच्या नळावर मालकांना विचारून चेन आणि डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागावर, गोडं पाणी ओतलं, फडक्याने पुसलं, परत तेल घातलं. हे केल्याशिवाय वाळू घेऊन पुढे जाणं म्हणजे कॅसेट संपवणं. पाच मिनिटं गेली पण पालशेतच्या पुढे पेणचे काका मला पाठमोरे दिसले.

वेळणेश्वरनंतर हेदवीच्या अलीकडे मी रस्ता सोडून सड्यावरची पायवाट धरली, एक वळसा वाचत होता. तिथे मागच्या टायरला जांभ्याच्या धारेने साईडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, चीर गेली. फुस्स आवाज, आणि टायरमधलं भोकं बुजवणारं पांढरं सीलंट लाल दगडावर उडालेलं. साईडवॉलला प्लग, म्हणजे भोकात खुपसायची रबरी पट्टी, टिकत नाही, तिथे रबर पातळ असतं, त्यामुळे वेळ न घालवता ट्यूब टाकायची ठरवली. चाक काढलं, ट्यूबलेसचा व्हॉल्व काढला, टायर उलटा करून आतलं सीलंट फडक्याने पुसलं. मग सगळ्यात महत्त्वाचं काम. ट्यूबलेसमध्ये काटे घुसलेले असले तरी कळत नाही, सीलंट ते धरून ठेवतं, पण आत ट्यूब घातली की तेच काटे दोन मिनिटांत ती फोडतात. फडकं टायरच्या आतून हळूहळू फिरवलं, जिथे अडकलं तिथे बोटाने चाचपलं. तीन काटे निघाले, दोन करवंदीचे आणि एक बाभळीचा तुटलेला, पक्कडीने बाहेरून ओढून काढले. चिरेच्या आतून दहाची नोट चार घड्या करून लावली, म्हणजे ट्यूब फुगून बाहेर येणार नाही, आणि वर ट्यूब. पंप मारताना हात थरथरत होते, उन्हामुळे असेल.

हे चालू असताना पायवाटेच्या टोकाला पेणचे काका थांबले. त्यांच्याकडे जास्तीची ट्यूब होती, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. ते म्हणाले, "लागलं नाही ना कुठे?" मी म्हणलं नाही काका, तुम्ही व्हा पुढे. त्यांनी मान हलवली आणि गेले. त्यांच्याबद्दल मला त्या क्षणी जितका आदर वाटला तितका त्यांनी ट्यूब दिली असती तर वाटला नसता.

पंचवीस मिनिटं गेली. तवसाळच्या उतारावर मी रेस गेली असंच धरून चालले होते. खाली आले तर चौघंही जेट्टीवर उभे. बोट जयगडच्या बाजूला, तिकडे एक ट्रक चढवत होते, वेळ लागत होता. कोल्हापूरकर मला बघून हसायलाच लागला. एवढ्या खाड्या ओलांडून शेवटी सगळे एकाच धक्क्यावर! कुणाला यात अन्याय वाटेल, मला नाही वाटत. आता रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधायचं चाललंय, गावातल्या लोकांसाठी ते हवेतच, दवाखान्यात न्यायचं माणूस बोटीची वाट बघत बसवणं कुणालाच नको. पण पूल झाले की ही रेस नुसती पायांची होईल, आणि ती वेगळी रेस असेल.

जयगडला रॅम्प पडला आणि पाचही जण एकदम सुटलो. पंचेचाळीसेक किलोमीटर उरलेले. जयगडचा चढ कोल्हापूरकराने पहिल्यांदा नीट, दम राखून मारला आणि वर गेल्यावर त्याला कुणी पकडू शकलं नाही, पुण्याचा एकजण सोडून. मालगुंडपर्यंत मी, काका आणि दापोलीचा एक शिक्षक असे एकत्र. गणपतीपुळ्याला रस्त्यात गाड्याच गाड्या, तिथे मी गर्दीतून वाट काढून पुढे निघाले. मग आरे-वारे. वरून दोन्ही किनारे एकदम दिसतात तो चढ, पर्यटक तिथे उतरून फोटो काढत असतात, मी खाली मान घालून नोट लावलेल्या टायरचा आवाज ऐकत चढले. प्रत्येक फेऱ्यात चिरेची जागा रस्त्याला लागली की एक बारीक टक. टक येत होता तोपर्यंत टायर जिवंत होता.

शिक्षक आरे-वारेच्या उतारावर पुढे गेले, उतारावर मी त्या टायरवर धोका घेणार नव्हते. काका मागे. रत्नागिरी शहरातून ट्रॅफिक, मग भाट्याचा पूल, काजळी नदी, आणि पुलापलीकडे सुरूचं बन. चार वाजून गेलेले. पुळणीवर आयोजकांनी दोन बांबू रोवून दोरी बांधलेली, तिच्याखालून गेले.

चौथी आले. पुण्याचा पहिला, कोल्हापूरकर दुसरा, त्यांच्यात तीन मिनिटांचं अंतर. शिक्षक तिसरे. काका माझ्यामागून अकरा मिनिटांनी आले, उतरले, सायकल आडवी केली आणि माझ्या मागच्या टायरपाशी वाकून चीर बघत राहिले. म्हणाले, "नोट दहाची का? मी वीसची ठेवतो, जरा मोठी येते." दुसऱ्या बाई, ठाण्याच्या, रात्री साडेनवाला पोचल्या, पहिल्या बोटीने दाभोळ ओलांडून दिवसभर एकट्या आल्या होत्या, आणि आम्ही सगळे तोपर्यंत थांबलो होतो.

सायकल घरी आणून धुतली तेव्हा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या आसाचं बेअरिंग, हातानेच खरखरत होतं, वाळू आत गेलेली, बदलावं लागलं. ब्रेक पॅड पुढचे संपलेले, मागचे निम्मे. पुढच्या वेळी मागे जाड साईडवॉलचा टायर घालणार, वजन थोडं वाढलं तरी चालेल, आणि पुढच्या रेसची तारीख ठरवायची असेल तर आयोजकांना माझी विनंती आहे की परत अमावास्येच्या पुढचे दिवस धरा, म्हणजे सकाळी गुहागरची पुळण उघडी मिळेल.